सौद्याआधी एक फेरी

डॉक्टर, बंद ठेवलेलं हॉस्पिटल विकायला काढलं असेल, तर एजंटला आज बोलावू नका. किल्ल्यांचा जुडगा घ्या आणि सकाळी, ओपीडी सुरू व्हायची त्या सुमारास, एकटेच जा. हाताशी दोन-तीन तास नसतील तर आजचा दिवस सोडून द्या.

कुलूप उघडल्यावर आधी वास येईल. दचकू नका. बंद इमारतीत मोऱ्यांच्या ट्रॅपमधलं पाणी हळूहळू सुकून जातं, आणि गटाराची हवा अडवून धरायला तेवढंच पाणी असतं. म्हणून पहिलं काम विचार करण्याचं नाही. टाकीत पाणी नसेल तर शेजारून बादलीभर मागून आणा आणि तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक मोरीत, प्रत्येक संडासात एकेक मग ओतत चला. वीस खाटांच्या हॉस्पिटलात अशा जागा किती असतात हे तुम्ही कधी मोजलं नसेल, कारण ते मावशी बघायच्या. ओतत असताना मनाला कुठेही ढकलू नका. कुठल्या खोलीत पाय रेंगाळतो आणि कुठल्या खोलीतून तो लगेच बाहेर पडतो, तेवढं मात्र ध्यानात ठेवा.

हे सगळं मी मिरज डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी इथं १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारी बाजूंच्या गाड्या इथं मिळतात, त्यामुळे अथणी-रायबागपासून विजयपूरपर्यंतचा पेशंट मिरजेचंच तिकीट काढायचा. शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी डॉक्टरांनी इथल्याच गल्ल्यांत खाली ओपीडी, मध्ये वॉर्ड आणि वर घर अशा इमारती बांधल्या. आज त्यांतल्या काहींवर ‘विकणे आहे’चा फलक दिसतो. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मुलगा सुपरस्पेशालिस्ट होऊन पुण्यात स्थिरावला. पेशंट कॅशलेस विचारू लागला. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर अग्निसुरक्षेची तपासणी कडक झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चाळीस वर्षांपूर्वी बांधलेला अरुंद जिना कागदावर रुंद करता येत नाही, आणि सत्तरी गाठलेल्या डॉक्टरांना नवा जिना बांधण्याची उमेद राहिलेली नसते.

आता ओपीडीत या. बाकावर बसा, आपल्या खुर्चीवर नको. या बाजूनं तुम्ही ही खोली फार कमी वेळा पाहिली असेल. समोरच्या भिंतीवर वेळापत्रक असेल, वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. ‘रविवारी बंद’ हे दोन्ही लिपींत लिहिलेलं. अथणीकडची बाई पहाटेच्या गाडीनं येऊन याच बाकावर पदर सावरून बसायची. तिची भाषा तुम्ही पेशंटकडून, थोडी सिस्टरकडून शिकलात. पोट कुठं दुखतं, पाळी कधी आली, घरी कोण आहे. तेवढी कन्नड अजून तोंडात येते का, बघा. मनातल्या मनात एक प्रश्न तिला विचारा आणि थोडं थांबा.

हे जे आत्ता आठवलं, ते विकायच्या यादीत नाही. ते घेणाऱ्याला दिसणारही नाही. तो ओपीडीत येईल तेव्हा टेपनं भिंत मोजेल, रस्ता किती फुटी आहे ते विचारेल, आणि या भागात हमखास विचारला जाणारा प्रश्न विचारेल: पाणी कुठपर्यंत आलं होतं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेव्हापासून दोन्ही गावांत जागेचं बोलणं या प्रश्नावाचून पुढं सरकत नाही. त्याचं मोजणं आणि विचारणं रास्त आहे. तुम्हाला त्यात अपमान वाटत असेल तर तो नेमका कशाचा, हे त्याच बाकावर बसून शोधा. मला वाटतं, आपण दोन हिशेब एका वहीत मांडलेले असतात म्हणून तो वाटतो. जागेचा हिशेब वेगळा आणि कामाचा वेगळा. रात्री दोनला उठून केलेल्या सिझेरियनची फी तेव्हा मिळाली, किंवा मिळाली नाही, किंवा पोतंभर शाळूच्या रूपानं आली. ते खातं त्याच वेळी बंद झालं. त्याची थकबाकी आज चौरस फुटाच्या दरात मागितली तर कुठलाच दर पुरणार नाही.

तसा दर देणारं गिऱ्हाईक येईल म्हणून वर्षानुवर्षं थांबलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. घरपट्टी येत राहते, वीज न वापरताही बिलात स्थिर आकार लागतो, कठड्याच्या फटीत पिंपळ रुजतो आणि पुढच्या पावसात स्लॅब पाझरतो. समोरचं मेडिकल आधी बंद होतं. मग पेशंटच्या नातेवाइकांना डबा देणारी खानावळ. थांबण्याचा खर्च गल्लीलाही पडतो, आणि माझ्या मते डॉक्टरनं त्याचाही विचार केला पाहिजे.

उठा. लेबर रूमकडे चला, सावकाश.

तिथल्या किंवा शेजारच्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या असतील. एक काढा. मधलं कुठलंही पान उघडा. तारीख, आईचं नाव, गाव, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, शेरा. निळी शाई, मध्येच एक लाल ओळ. वजनाच्या रकान्यात दोन किलो सातशे, तीन किलो, एक किलो नऊशे. नावाच्या जागी फक्त ‘बाळ’. शेऱ्यात एकच शब्द, ‘रडले’. एका ओळीत तो शब्द नाही. ती ओळ कोणाची, हे तुम्हाला वही न बघताही आठवेल. तिथं बोट ठेवा. जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या, इथं घाई करण्यासारखं काही नाही.

मग ठरवा, या वह्यांचं काय करायचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षं ठेवायचे असतात. प्रसूतिपूर्व निदानाच्या कायद्याखालचे फॉर्म २ वर्षं. पोलिसांत गेलेलं किंवा कोर्टात असलेलं प्रकरण संपेपर्यंत. पण नियम किमान मुदत सांगतो, आणि माणसं चाळीस वर्षांनी येतात. दाखल्यावर आईचं नाव चुकलं, जन्मवेळ हवी, पासपोर्टात तारीख अडली. प्रसूतीच्या वह्या घरी न्या, असं मी म्हणेन. एका ट्रंकेत मावतात. मुदत उलटलेले केसपेपर मात्र रद्दीत घालू नका. त्यांत कोणाचा गर्भपात लिहिलेला आहे, कोणाचा टीबी, कोणाच्या नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट. भेळेच्या पुडीवर ते नाव गावात फिरता कामा नये. समोर उभं राहून ते फाडून, त्यांचा लगदा करून घ्या. हे काम एजंटवर सोडू नका आणि नव्या मालकावर तर मुळीच नको.

पुढच्या खोलीत सोनोग्राफीचं मशीन असेल, अंगावर चादर घेतलेलं. त्याच्याशी फार बोलायचं नाही, कागद पुरे करायचे. नोंदणी प्रमाणपत्र जमा करणं, समुचित प्राधिकाऱ्याला कळवणं, आणि नोंदणी असलेल्या केंद्रालाच मशीन देणं. मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या तालुक्यात राहून मशीन कुणाच्या हाती गेलं याची बेफिकिरी आपल्याला परवडत नाही. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाकडे ते बंद केल्याची नोंद करा. ड्रॉवरमध्ये पाऱ्याचं जुनं बीपीचं यंत्र आणि थर्मामीटर निघतील. ते फुटू न देता वेगळे ठेवा. उरलेल्या सुया आणि मुदत संपलेली इंजेक्शनं जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीतच जाऊ द्या. शुश्रूषागृहाची नोंदणीही महापालिकेत रीतसर परत करा. हॉस्पिटल बंद आहे आणि हॉस्पिटल बंद केलं, या दोहोंत इतकी कामं आहेत. ती झाल्याशिवाय सौदा केला तर इमारत जाते आणि जबाबदारी तुमच्या नावावर राहते.

आता गच्चीवर जा. पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, मुळासकट काढायला माणूस बोलवा. तिथून गल्ली दिसेल. सावली धरून बसा, कारण पुढचा विचार आकड्यांचा आहे आणि तोही मनन करण्यासारखाच आहे.

इमारत २००१ च्या आधीची असेल तर सीए तुम्हाला विचारेल की १ एप्रिल २००१ ला तिची किंमत किती होती. भांडवली नफ्याच्या हिशेबात जुन्या मिळकतीसाठी तो दिवस धरता येतो. नोंदणीकृत मूल्यांकनकार त्याचा कागद तयार करील. तुम्ही तो दिवस आठवून बघा. रविवार होता. ओपीडी बंद असेल, पण वॉर्ड? खाली रिक्षा थांबली असेल, कोणीतरी गरम पाणी मागत असेल. तुमचं वय काय होतं तेव्हा? बांधकामाचं कर्ज फिटलं होतं का? वर घरात कोण कोण होतं?

तेवढं आठवल्यावर बाकीचं पटकन उरकता येतं. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. मिळकत त्याआधीची असेल तर निवासी व्यक्तीला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो, कमी येईल तो घ्यावा. मात्र इमारतीवर दरवर्षी घसारा घेतला असेल तर गणित वेगळं होतं, ते आधीच सीएसमोर ठेवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून भरेल. मिळकत पत्रिका, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, हे सगळं विसार घेण्याआधी एका फायलीत असू द्या. वकील तीस वर्षांचा सर्च काढतील आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतील. ती छापून आली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतील, ‘डॉक्टर, खरं काय?’ उत्तर आत्ताच मनात तयार ठेवा. ‘होय, विकतोय’ एवढं पुरतं.

कोण घेईल, याचंही चित्र डोळ्यांसमोर आणा. दुसरा डॉक्टर आला तर छानच, पण त्याला तोच जिना आडवा येईल. लॅब येईल, कोचिंग क्लास येईल. प्रत्येक खोलीला बाथरूम आहे म्हणून मुलींच्या वसतिगृहासाठी कोणी विचारील. बिल्डर येईल आणि सरळ सांगेल की पाडून अपार्टमेंट करणार. प्रत्येकाला क्षणभर या जिन्यावरून वर येताना बघा. ज्याला बघून छातीत कळ येते त्याला नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आज आहे, खरेदीखतावर सही झाल्यावर नाही. आणि पाडणाराच सगळ्यांत चांगला भाव देत असेल, तुम्हाला औषधपाण्याला ते पैसे हवे असतील, तर त्यात कसलाही द्रोह नाही. आई-बाळं केव्हाच घरी गेली आहेत.

गळणारा कोपरा, बोअरला लागणारं खारट पाणी, मागच्या बाजूचा ड्रेनेजचा चेंबर, पुराचा खरा आकडा, हे मात्र प्रत्येकाला न विचारता सांगा. आयुष्यभर नातेवाइकांना खरं निदान सांगितलं, इथंही तेच करायचं.

खाली उतरण्याआधी जी माणसं मिळकत पत्रिकेवर नाहीत त्यांना आठवा. वहिनी. त्या डॉक्टर नसतील तर त्यांनी हिशेब सांभाळला, एकट्या आलेल्या बाळंतिणीला वरून मऊ भात पाठवला, रात्रीची बेल तुमच्याआधी त्यांना ऐकू आली. कागदावर त्यांची सही लागत नसेल, तरीही विकायचं की नाही हे त्यांना विचारलं आहे का, की नुसतं सांगितलं आहे? आज घरी गेल्यावर विचारा, आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत तर मध्ये बोलू नका. अमेरिकेतल्या लेकीला फोन लावा. हक्कसोड तिनं केव्हाच दिलं असलं तरी तिचं लहानपण याच वरच्या मजल्यावर गेलं आहे, तिला जाहीर नोटिशीतून कळता कामा नये.

मग मावशी, सिस्टर, वॉर्डातले मामा. कोणाची ग्रॅच्युइटी देय असेल तर तो त्यांचा हक्क आहे, आधी चुकती करा. कायद्यानं काही लागत नसलं तरी ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं या मोऱ्या धुतल्या, त्यांच्यासाठी सौद्यातून किती काढायचे ते ठरवा. रक्कम त्यांना विचारू नका, त्या कमीच सांगतील. आकडा तुम्ही घाला, कागदावर लिहा आणि साठेखत होण्याआधी वहिनींना दाखवा. एकदा पैसे खात्यावर आले की कर वाचवणाऱ्या रोख्यांत पैसे गुंतवायची सहा महिन्यांची मुदत, मुलाचा फ्लॅट, नातवाची फी असं एकेक पुढं येतं, आणि मावशींचा आकडा मागं सरकत जातो.