राजा गेल्यावर काय उरते?

बोरीवलीच्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरात ८१व्या लेण्यात एक प्राकृत लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी ह्याच्या १६व्या राज्यवर्षी कल्याणच्या एका व्यापाऱ्याने ते लेणे भिक्षूंस दिले, आणि त्यांच्या वस्त्रादिकांसाठी २०० कार्षापण व मंगलस्थान गावचे शेत लावून दिले. मंगलस्थान म्हणजे आपले मागाठाणे, असे विद्वान मानतात. अशा ठेवीस 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नाही, केवळ उत्पन्नावर धर्मकृत्य चालवावयाचे.

यज्ञश्रीची सत्ता ह्या कोकणपट्टीपासून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो वारला, आणि थोड्याच दशकांत ते राज्य फुटले. नाशिकाकडे आभीर, बनवासीस चुटु, कृष्णाकाठी इक्ष्वाकु असे नवे राजे झाले. दानीएलाच्या ग्रंथाचे वाचक जाणतात की, शिकंदर इ. स. पू. ३२३ मध्ये वारल्यावर त्याच्या सेनापतींनीही असेच केले. आमच्या मते कारण एकच: सरदार राजास बांधलेले होते, एकमेकांस नव्हते.

मग राज्याबरोबर प्रजेचा परस्परांवरील विश्वासही मोडला काय? नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या ९व्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नामक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. ती शककुळातली, सातवाहनांनी शकांशी किती लढाया केल्या! परंतु तिने पैसा ठेवला तो राजाच्या खजिन्यात नव्हे, तर तेल्यांच्या व पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींत. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची पंचायत. राजवंश बुडाला, पण तेल्यांचा शब्द खरा राहिला. श्रेणीतला एखादा वडील वारला, तरी हिशेब जाणणारे दुसरे होते.

वाचकहो, आपल्या गावोगावी एखादा कर्ता मनुष्य असतो. फंडाची वही त्याच्या घरी, पेटीची किल्ली त्याच्या कमरेस. सर्व सुरळीत चालते म्हणून आपण त्याची वाहवा करतो. आणि तोही, बिचारा, दुसऱ्यास काही शिकवीत नाही. त्याच्या मागे विधवांचा पैसा कोठे शोधावा?

कोणी म्हणेल, त्या श्रेणी तरी आज कोठे आहेत? मागाठाण्याच्या शेताचे उत्पन्न कोणास पोहोचते? खरे आहे, 'अक्षय' हा शब्द मनुष्याच्या तोंडी थोडा मोठाच होतो. तथापि यज्ञश्रीनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या अमलात, बंगालकडील गौडदेशाच्या एका उपासकाने कान्हेरीस १०० द्रम्म दिले, तेही कायम ठेवीच्याच रीतीने.