पाट्यांची शाळा

पुंडलिकनगरात एक मायलेकी राहायच्या. आई चार घरची धुणीभांडी करायची, लेक नववीत होती. एका संध्याकाळी आईनं विजेचं बिल तिच्यापुढे धरलं. "शेवटची तारीख बघ गं."

लेक वैतागली. "दर महिन्याला तेच! एवढंसुद्धा वाचता येत नाही तुला?"

आई गप्प राहिली.

शेजारचे आजोबा ओट्यावरून ऐकत होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात गावोगाव हिंडलेला माणूस. त्यांनी मुलीला हाक मारली.

"आंबेडकर जयंतीला वामनदादा कर्डकांची गाणी म्हणतेस ना? त्यांचं ऐक. 1922 चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत मजुरी करत होते, तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिलं आणि म्हणालं, वाचून दाखवा. धडधाकट तरुण गडी, पण एक अक्षर कळेना. रडूच कोसळलं त्यांना. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी मुळाक्षरं शिकवली. जोडाक्षरं तर दादा रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. त्याच माणसानं पुढे हजारो गाणी लिहिली आणि बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला."

मुलगी खाली बघत उभी होती. आजोबांचा आवाज जरा चढला.

"आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 1978 ला झाला. लोकांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नाव लागलं ते 14 जानेवारी 1994 ला. एवढी वर्षं पेपर वाचता न येणाऱ्या आयाबाया लढ्यात टिकल्या, त्यात शाहिरांच्या गाण्यांचा वाटा मोठा. दादांना अक्षर उशिरा मिळालं, पण त्यांनी ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. तुला ते सहाव्या वर्षी मिळालं, तुझ्या आईच्या कष्टातून. त्याच अक्षरानं तिला हिणवतेस?"

दुसऱ्या दिवशीपासून आई कामावरून परतली की लेक तिला घेऊन पुंडलिकनगर रोडवर जाऊ लागली. 'किराणा', 'दूध', 'सलून'. आई बोट धरून एकेक अक्षर लावायची. 'स्टोअर्स'पाशी ती हमखास अडायची. मागून येणारे बघायचे, तिला लाज वाटायची. पण लेक हलायची नाही. शब्द पुरा होईपर्यंत आईजवळ उभी राहायची.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन बाहेर पडा. पाट्या तुमच्याही रस्त्यावर आहेत.