आजचं चिंतन : गीता, अध्याय ९, श्लोक ३०

अतिशय दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य झालेला असतो, असं भगवंत इथे सांगतात. माझा आवडता श्लोक. पण रविवारी अकोल्याला गेलो आणि याच श्लोकावर अडकलो.

आमच्या नात्यातला एक जण लहान मुलीवरच्या अत्याचाराची शिक्षा भोगून सुटला आहे. मावशी म्हणाली, "बापू, थो आता रोज पोथी वाचते. पोरीच्या वाढदिवसाले त्याले बी बोलाव ना." माझी पोरगी सात वर्षांची. अमरावती येईपर्यंत मी गाडीत गप्पच होतो.

अशा माणसाला आपण 'वेडा' म्हणून मोकळे होतो. पण खरोखर भ्रमात असलेले त्यांच्यात थोडेच. जास्त आढळतो तो व्यक्तिमत्त्व विकार : दुसऱ्याच्या वेदनेची पर्वा नाही, खोटं सहज, चूक कायम दुसऱ्याची. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या १२ देशांच्या आढाव्यात, सगळ्या प्रकारचे गुन्हे धरून, पुरुष कैद्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांत असा कुठला ना कुठला विकार होता. (विकार असलेला प्रत्येक जण गुन्हा करतो असं मात्र नाही.) यात भान शाबूत असतं, म्हणून जबाबदारी सुटत नाही. आणि स्वभाव बदलणारी गोळी नाही.

इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत अशा कैद्यांना गटात बसवून बोलतं करायचे. २०१७ च्या अहवालात निघालं की उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी! टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये फेल. आम्हाला हे रोजचंच. म्हणून उपचार सोडायचे नाहीत, पण माणूस पाहून ठरवावे लागतात, आणि सुटल्यावरही वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

शक्ती मिल प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, पश्चात्ताप करता यावा म्हणून. त्याच निकालात ते समाजात मिसळायला लायक नाहीत असंही म्हटलं. तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. आता नाही वाटत. निश्चय भगवंताला दिसतो, तो अंतर्यामी आहे. मला फक्त पोथी दिसते.

काल मावशीला फोन केला. म्हटलं, "त्याच्या भजनावर मी शंका घेत नाही. पण वाढदिवसाले नको. अमरावतीत मनोविकारतज्ज्ञाकडे जायला तयार असेल तर दर महिन्याला मीच नेईन."

तिने फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही.