घेवड्याचा वेल आणि वाळलेले लाकूड



श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी १८ वा अध्याय येतो. दारिद्र्य जावे म्हणून पुष्कळजण तो रोज वाचतात. वाचावा, जरूर वाचावा. पण त्यात हंडा सापडतो एवढेच आपल्या लक्षात राहते, आणि हंड्याच्या आधी काय झाले ते राहून जाते.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, अमरापुरात एक गरीब ब्राह्मण होता. कोरडी भिक्षा मागायची, त्यावर घर चालवायचे. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी शेंगा शिजवून घरची माणसे पोट भरीत. श्रीनृसिंह सरस्वती भिक्षेला आले तेव्हाही घरात दाणा नव्हता. त्या माउलीने शेंगांचीच भाजी वाढली. महाराज जेवले, तृप्त झाले, आणि जाता जाता तो वेलच उपटून गेले!

ती बाई रडली. कीर्तनात कधी कधी तिला अज्ञानी म्हणतात, मला ते पटत नाही. उद्या पोरांच्या ताटात काय घालायचे हे तिलाच बघायचे होते. नवऱ्याने तिला समजावले, मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना जो देतो तो आपल्याला विसरेल का? पण तो नुसते बोलून बसला नाही. उपटलेला वेल त्याने उचलला आणि राहिलेले मूळ काढायला जमीन खणू लागला. कुंभ लागला तो तिथे, त्या खणण्यात.

आता कुणी विचारील, महाराज, आमचाही वेल उपटला, हंडा कुठाय? खरे आहे. सगळ्यांना हंडा सापडत नाही. म्हणून सहाव्या दिवशीचा ४० वा अध्यायही वाचायचा. गाणगापुरी नरहरी नावाचा कुष्ठरोगी आला. महाराजांनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले. जळणाचे लाकूड हो! म्हणाले, संगमावर हे रोव आणि पाणी घाल. लोक हसले, वाळलेल्याला कधी पालवी फुटते का म्हणाले. तो उपाशीपोटी पाणी घालत राहिला. महाराजांनी येऊन कमंडलूतले तीर्थ शिंपडले, तेव्हा लाकडाला पालवी फुटली आणि त्याची कायाही शुद्ध झाली. पण त्याआधीचे सगळे पाणी त्याने कोरड्या लाकडाला घातले होते. श्रद्धा म्हणतात ती याला.

आपल्या वयात वेल उपटले जातातच. चाळीस वर्षे राहिलेली चाळ पाडायला निघते, तुळशीवृंदावन कुठे न्यायचे हा प्रश्न पडतो. मुलाकडे परगावी जाऊन राहावे लागते. सगळे व्यवहार मालकांनी पाहिलेले असतात, ते जातात, आणि सत्तराव्या वर्षी बाईच्या हातात पासबुक येते. बँकेच्या दारातूनच ती परत फिरते. सही चुकेल, तो मुलगा ओरडेल, लोक बघतील! अशा वेळी मुक्ती म्हणजे मेल्यावरची गोष्ट नव्हे. त्या काउंटरची भीती सुटणे, हीही मुक्तीच.

आणि एक सांगतो. गेलेल्या वेलाला नावे ठेवू नयेत. त्याने इतकी वर्षे पोट भरले. महाराजांनीही त्याच्याच शेंगा खाल्ल्या होत्या.

यंदा दत्तजयंतीला पाळणा झाला, आरती झाली, की प्रसाद घेऊन लगेच चपला शोधू नका. सभामंडपात खांबाशी एकट्या बसलेल्या एखाद्या काकू दिसतील. जवळ बसा, चौकशी करा. बँकेत जायचे राहिले असेल तर म्हणा, सोमवारी अकराला मी येते, दोघी जाऊ. सही मात्र त्यांची त्यांना करू द्या.