आईवडिलांची सेवा आणि लेकीची नोकरी

आईवडिलांची सेवा करावी की नाही, असा प्रश्न आपल्यात कोणी विचारणार नाही. विचारायला हवा तो प्रश्न असा की, ही सेवा करायची कोणी?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. ज्यांनी आपले पोषण केले त्यांचे पोषण करावे, त्यांची कामे करावीत, हे त्यांतलेच. सिगाल हा गृहपतीचा मुलगा होता. म्हणजे उपदेश मुलाला होता. आपल्या घरांत मात्र मुलगा औषधाचे पैसे देऊन मोकळा होतो. अंथरुणाला खिळलेल्या बापाची कूस बदलणे, आईला दवाखान्यात नेणे, रात्री जागणे हे लेकीसुनांच्या वाट्याला येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेली, पुरुषांची ८८.

हा भार नेमका पंचेचाळिशी-पन्नाशीत येतो, बढती समोर असते तेव्हा. आधी रजा संपते. मग बिनपगारी रजा. बढतीबरोबर बदली येते म्हणून बढती नाकारली जाते, आणि शेवटी राजीनामा. रोजंदारीवर असलेल्या बाईचा तर एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. या वयात सुटलेली नोकरी सहसा परत मिळत नाही. भविष्य निर्वाह निधी थांबतो, निवृत्तिवेतन घटते. दुसऱ्याचे म्हातारपण सांभाळणारीचे स्वतःचे म्हातारपण परावलंबी होते. मग तिच्यासाठी तिच्या लेकीने नोकरी सोडायची काय? ज्या घरात ती पहिलीच पगारदार स्त्री आहे, ते घर अशाने एक पिढी मागे जाते.

लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. हे योग्यच आहे. हक्कात समता मागणाऱ्यांनी ती कर्तव्यातही मानली पाहिजे. परंतु पोषणाला मिळकत लागते आणि मिळकतीला नोकरी. केंद्र सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा देते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची दिली. वृद्ध आईबापांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार एकट्या कामगार स्त्रीवर टाकला नाही. मालकाने आणि सरकारनेही तो उचलावा, असे मांडले. वृद्धसेवेलाही हाच न्याय लावला पाहिजे. शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, योग्य वेळी सुट्टी द्यावी, ही मालकाची कर्तव्येही त्याच सुत्तात आहेत.

सरकारकडे रजा मागू या. पण सुरुवात घरातून करू या. भावाबहिणींनी एकत्र बसून खर्चाबरोबर रात्रींचीही वाटणी करावी. आणि कोणीतरी नोकरी सोडलीच पाहिजे अशी वेळ आली, तर तो प्रश्न मुलालाही विचारावा.