जुनी गाडी व तिचा धनी

खानदेशातील ज्या गावांत आमच्या मंडळ्या आहेत, तेथील पुष्कळ अंगणांत आता बैलगाडीच्या जागी एखादी जुनी पिकअप उभी असते. रावेर-यावलकडे ती केळीचे घड वाहते, धुळे-शिरपूरकडे कापूस वाहते. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला व पुढे १९८६ साली टाटांची ४०७ ही लहान मालगाडी निघाली. अशा गाड्यांनी बैलांचे काम हळूहळू आपल्या अंगावर घेतले. परंतु नवी गाडी घेण्याचे सामर्थ्य थोड्यांसच असते. म्हणून दुसऱ्याने वापरलेली गाडी घ्यावयाची आणि घरच्या घरी, निंबाच्या सावलीत, हाती पाना घेऊन तिची निगा राखावयाची, असा रिवाज पडला आहे.

ह्या काटकसरीस आम्ही दोष देत नाही. आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला. जब्दीच्या मुलांस त्याने बोलाविले तेव्हा ते तारवात बसून आपली जाळी नीट करीत होते. मोडलेली वस्तू टाकून न देता ती सुधारून वापरणे, हे मंडळीतील कोणासही शोभण्यासारखेच आहे. तथापि काटकसर कोठे संपते व निष्काळजीपणा कोठे सुरू होतो? आणि ज्यास आपण देवावरील भरवसा म्हणतो, तो खरोखर भरवसाच असतो काय? हे प्रश्न आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. तो सांगताना आम्हांस लाज वाटते, पण न सांगणे अधिक लाजिरवाणे आहे.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात सुवार्तेचा मेळावा होता. आमच्या मंडळीतील एका बंधूंच्या पिकअपमध्ये वीस-बावीस माणसे बसली. त्यांत मुलेही होती. निघण्यापूर्वी ते बंधू आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, आठ दिवस झाले, ब्रेक जरा खोल जातो. आज गाडी नेऊ नये असे वाटते." वेळ झाली होती, लोक चढून बसले होते. आम्ही म्हणालो, "प्रार्थना करून निघू. प्रभू सांभाळील." प्रार्थना झाली व गाडी निघाली. नाल्याच्या उतारावर त्यांनी पाय दाबला तो पेडल तळापर्यंत गेले. त्यांनी गियर उतरविला, हातब्रेक ओढला, आणि गाडी पुलाकडे न जाऊ देता शेताच्या बांधावर घातली. कोणी मेले नाही. एका दहा वर्षांच्या मुलीचा हात मोडला.

पुढल्या प्रभुवारी उपकारस्तुतीची उपासना झाली. एकामागून एक उठून देवाने कसे वाचविले ह्याची साक्ष देऊ लागले. शेवटी ते बंधू उठले व म्हणाले, "देवाचे उपकार आहेतच. पण ब्रेक खराब आहे हे मला आठ दिवस ठाऊक होते. दोष माझा आहे." आमचे नाव त्यांनी घेतले नाही, आणि आम्हीही त्या दिवशी उठलो नाही. दोन प्रभुवार आम्ही व्यासपीठावरून उपदेश केला व तिसऱ्या प्रभुवारी मंडळीपुढे आपला अपराध कबूल केला. तेव्हा एका वडील गृहस्थांनी विचारले, "देवाने वाचविले ना? मग जुने उकरून काय मिळवावयाचे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. देवाने वाचविले हे खरे. परंतु ज्या संकटात आपण आपल्याच हाताने लेकरांस घातले, त्यातून सुटका झाल्याबद्दल केवळ उपकार मानून थांबणे म्हणजे स्तुतीच्या वस्त्राने पाप झाकणे होय. उपकारस्तुती पापांगीकाराची जागा घेऊ शकत नाही. तसे झाले तर प्रत्येक सुटका पुढील निष्काळजीपणास परवाना ठरेल.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत स्पष्ट आहे. अनुवादाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्यावर कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला तर दोष घरावर येतो. निर्गमाच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल पूर्वी मारका नसेल, तर धनी सुटतो. पण तो मारका असल्याची सूचना धन्यास मिळूनही त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर धनी दोषी ठरतो. जुनी गाडीही आपल्या धन्यास सूचना देत असते. पेडल खोल जाणे, ब्रेक दाबताच लोखंड घासल्याचा आवाज येणे, स्टीअरिंग एका बाजूस ओढणे, ह्या सगळ्या सूचनाच होत. ज्याने त्या ऐकल्या तो सूचना मिळालेला धनी झाला. त्या दिवशी सूचना आम्हांसही मिळाली होती. आणि मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूपुढे कोणती परीक्षा ठेविली होती? उडी टाक, देव झेलील, हीच ना? प्रभूने ते नाकारिले. आम्ही मात्र वीस माणसांसह ती उडी टाकिली व तिला विश्वास असे नाव दिले.

मग गरीब मनुष्याने काय करावे? प्रथम हे जाणावे की गाडी जुनी असणे हा दोष नव्हे. इंजिनातील तेल बदलणे, खानदेशच्या धुळीने भरलेला हवेचा फिल्टर झाडणे, कमानपाट्यांस व प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस देणे, ही कामे घरी उत्तम होतात. मात्र केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. भक्कम ठोकळे द्यावेत व खालच्या चाकांस दगड लावावेत.

ब्रेकचे काम करण्यापूर्वी ते समजून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, परंतु वाफ व हवा दाबल्या जातात. म्हणून पाय खोल जातो आणि चाक थांबत नाही. ह्यास्तव हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. त्याच्या जागी इंजिनचे तेल कधीही ओतू नये, कारण त्याने आतील रबरे फुगून निकामी होतात. नळीतील हवा काढावयास दोन माणसे लागतात, एक पेडलवर व एक चाकापाशी. हे काम ज्यास नीट येत नसेल त्याने मिस्त्रीकडे जावे. ह्यात कमीपणा नाही. कन्नडचा घाट किंवा बिजासनचा घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे कित्येक आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच दाबांत संपते. चार रुपयांच्या डिझेलासाठी हा सौदा कोणता शहाणा करील?

मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. पण दाखला एका दिवसाचा साक्षी आहे. उरलेल्या दिवसांचा साक्षी धन्याचा विवेक आहे. शिवाय मालाच्या गाडीत माणसे भरणे कायद्याविरुद्ध आहे, हे ठाऊक असूनही आम्ही पाळक डोळे झाकीत आलो.

आणि मंडळीचे काय? ज्या बंधूंच्या गाडीतून आपण फुकट जात होतो, त्यांस ब्रेकच्या लायनरसाठी पैसे आहेत की नाहीत, हे आपल्यापैकी कोणी विचारले होते काय? एकमेकांचे ओझे वाहण्याचा उपदेश आम्ही पुष्कळ केला आहे. आता आमच्या मंडळीने त्या गाडीच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च उचलला, त्या मुलीच्या औषधोपचाराचा सर्व खर्च उचलला, आणि मेळाव्यास जाणे ते एस.टी.नेच, असा ठराव केला. मुलीचा हात बरा झाला आहे.

प्रिय वाचकहो, प्रवासापूर्वी प्रार्थना अवश्य करा. परंतु त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीशेजारी वाका, ब्रेक ऑइलची पातळी पाहा, चाकांच्या आतून ओल येते काय हे पाहा, व पेडलवर पाय देऊन ते घट्ट लागते की नाही ते पाहा. धनी जर म्हणाला की आज गाडी नेऊ नये, तर पाळकानेही त्याचे ऐकावे. मागून उपकारस्तुती करण्यापेक्षा अगोदर आज्ञापालन करणे बरे.