वरच्या शेताचा धर्म

पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न भरपूर पावसाच्या मुलखांत केवळ वादाचा विषय होईल. नाशिक जिल्ह्यांतील बागलाण व मालेगांवकडील कोरड्या भागांत मात्र तो भाकरीचा प्रश्न आहे. सह्याद्रींत उगम पावून मालेगांवीं गिरणेस मिळणारी मोसम ही तेथील एक लहान नदी. तिचें बहुतेक खोरें पर्जन्यछायेंत पडतें. अशा नदीकांठीं निसर्गाचा नियम उघड आहे: वर राहणाऱ्यास आधीं, खालीं राहणाऱ्यास उरेल तें.

हा नियम न मानणारी फड-पद्धति मोसम, आरम व पांझरा या नद्यांच्या कांठीं शतकानुशतकें चालत आली. नदीवर बंधारा बांधून पाणी पाटानें न्यावयाचें, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि तें वर्षावर्षानें फडांतून फिरवावयाचें, अशी ही रीत. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाटाच्या दुरुस्तीचा भार सर्व शेतकरी उचलीत. पाणी थोडें असेल त्या वर्षीं एखादा फडच कोरडा ठेवीत. बहुतेकांची जमीन अनेक फडांत विभागलेली असल्यामुळें तूटही वांटली जाई. ही व्यवस्था सर्वांगपूर्ण नव्हती. ज्यास जमीन नाहीं त्यास पाण्यांतही वांटा नव्हता. तथापि जे तींत होते त्यांच्यांत वरचा आणि खालचा हा भेद तिनें पुष्कळ अंशीं मोडला.

आमची जमीन असतां तींत काय पेरावें हें गांवानें कां सांगावें, असें मिल्लचा ग्रंथ वाचलेला सुशिक्षित विचारील. परंतु स्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्याच्या हानीपाशीं येते, हें मिल्लचेंच मत आहे. शेजारी बाजरीवर भागवीत असतां आपण ऊंस लावणें म्हणजे त्याच्या वांट्याचें पाणी घेणें होय.

विहिरीनें हा हिशेब दृष्टीआड केला. जमिनीखालीं ठराविक प्रवाहावांचून असलेलें पाणी मालकानें घ्यावें, असा हक्क १८८२ च्या ईझमेंट कायद्यानें मानिला. वस्तुतः तेंच पाणी झिरपून नदीस मिळतें. पाट फोडणाऱ्यास गांव चोर म्हणे. खोल बोअर घेऊन शेजाऱ्याची विहीर आटविणाऱ्यास तें कर्तबगार म्हणतें. महाराष्ट्रानें २००९ मध्यें भूजलाचा कायदा केला खरा. परंतु विहिरीविहिरीवर सरकारचा माणूस बसूं शकत नाहीं. फडांत तें काम शेजाऱ्याची नजर करीत असे.

हा उपदेश केवळ शेतकऱ्यास नव्हे. गंगापूर धरणाच्या पाण्यावर राहणारे आम्ही नाशिककर गोदावरीच्या वरच्या टोंकास आहों. खालीं जायकवाडीस पाणी सोडण्याची गोष्ट निघतांच “आमचें पाणी” हे शब्द आमच्याही तोंडीं येतात. वर जन्मणें हा योगायोग आहे; त्यास हक्क म्हणावयाचें कीं जबाबदारी, हें आपणच ठरवावयाचें आहे.